प्लाझ्माचा हात कातडीपर्यंतच

जैवविघटनशील प्लास्टिक म्हणजे कुठेही फेका, आपोआप मातीत मिसळून जाणार, असा भाबडा समज आहे. पॉलिलॅक्टिक आम्लाचा, म्हणजे पीएलएचा कप साध्या मातीत वर्षानुवर्षं जसाच्या तसा पडून राहू शकतो. त्याला ओलसर आणि ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं कंपोस्ट लागतं. त्यात आता ‘प्लाझ्मा दिला की पॉलिमर झटपट कुजतो’ असंही सांगितलं जातं. (पॉलिमर म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंचा पदार्थ, जसं प्लास्टिक; प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू.) पण प्लाझ्मा पॉलिमरच्या किती आत पोचतो, हे कुणी विचारत नाही.

कमी दाबाच्या वायूत विजेचं क्षेत्र लावलं की इलेक्ट्रॉन सुटे होऊन धावू लागतात. त्यांचं तापमान दहा हजार अंशांच्या वर जातं, पण ते इतके हलके असतात की वायू जवळजवळ खोलीच्याच तापमानाला राहतो. म्हणून पीएलएसारखा ६० अंशांच्या आसपास मऊ पडणारा पॉलिमरही त्यात न वितळता टिकतो. कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. जोरकस इलेक्ट्रॉन, आयन आणि अतिनील किरण मिळून तेवढी ऊर्जा सहज पुरवतात. साखळीवरचा एखादा हायड्रोजन उडतो, कुठे साखळीच तुटते आणि मागे मुक्त मूलकं, म्हणजे बंध अर्धवट राहिलेले आणि चटकन जोडी शोधणारे भाग, उरतात. ऑक्सिजन त्यांना लगेच चिकटतो आणि पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल, कार्बोनिल, कार्बोक्सिल असे पाण्याशी जुळवून घेणारे गट उगवतात. पीएलएवर टपोरा बसणारा पाण्याचा थेंब आता पसरतो. आधी ७५-८० अंशांच्या घरात असलेला स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, बऱ्याचदा ५० च्या खाली येतो. शिवाय साखळ्या विस्कळीत पडलेला भाग त्या नीट रचलेल्या स्फटिकी भागापेक्षा लवकर झिजतो, त्यामुळे पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत होतो.

हे सगळं वरच्या काही नॅनोमीटरांत, फार तर काही दशक नॅनोमीटरांत घडतं. पन्नास मायक्रोमीटरची पातळ फिल्म घेतली तरी हा थर तिचा हजारावा हिस्साही नसतो. 

आता विघटनाकडे वळू. पीएलएत पाणी हळूहळू आत झिरपतं आणि साखळीचे दुवे जोडणारे एस्टर बंध तोडतं. प्रत्येक तुटीतून नवं कार्बोक्सिल टोक तयार होतं, आणि हे आम्ल पुढची तूट आणखी सोपी करतं. पृष्ठभागाजवळचे आम्लधर्मी तुकडे पाण्यात निघून जातात, आतले अडकतात. म्हणून जाड तुकडा बाहेरून शाबूत दिसतो आणि आतून पोखरला जातो. अशा विघटनात प्लाझ्मा सुरुवातीचं ओलावणं वाढवतो, वरच्या साखळ्या आखूड करतो. आतल्या गतीवर त्याचा फारसा अधिकार चालत नाही.

पॉलिकॅप्रोलॅक्टोन या दुसऱ्या जैवविघटनशील प्लास्टिकवर लायपेज हे एस्टर बंध तोडणारं विकर (एन्झाइम) सोडलं की मात्र चित्र बदलतं. विकराचा रेणू मोठा, तो आत शिरत नाही, वरूनच कुरतडतो. इथे पहिलाच घास प्लाझ्माने बदललेल्या थराचा असतो. पण तो घास सोपाच होईल याचीही खात्री नाही: अरगॉनसारख्या निष्क्रिय वायूचा प्लाझ्मा साखळ्यांना एकमेकींशी बांधूही शकतो, आणि मग कुरतडणं मंदावतं.

शिवाय ओलं होण्याचा हा गुण टिकाऊ नसतो. पृष्ठभागावरचे नवे गट साखळीसकट वळून हळूहळू आत दडतात. पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या साखळ्या उणे ६० अंशांपर्यंत लवचिक असतात, त्यामुळे तिथे हे वळणं सोपं जातं. पीएलएच्या साखळ्या खोलीच्या तापमानाला ताठर असतात, त्यामुळे तिथे ते सावकाश होतं. पण गुण ओसरतोच, म्हणून ऊती वाढवण्यासाठी अशा प्लास्टिकचे साचे वापरताना त्यांच्यावर प्लाझ्माच्या उपचारानंतर ताबडतोब पेशी पेरतात, नाहीतर कोलॅजेनसारखं प्रथिन बांधून ते गट वरच अडकवून ठेवतात.