दादा कोंडके आणि दादरचा पडदा : पार्श्वभूमी

१९३२ साली मुंबईच्या गिरणगावात झालेला जन्म, बँडपथक, सेवादलाचं कलापथक हा दादा कोंडक्यांचा सुरुवातीचा प्रवास बहुतेकांना पाठ आहे. त्यांची खरी तालीम झाली ती १९६५ नंतर, 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यात. हवालदाराच्या भूमिकेत ते ऐनवेळी पदरची वाक्यं घालत, ताज्या घडामोडींना चिमटे काढत. दीड हजारांवर प्रयोग झाले. प्रेक्षक कुठल्या शब्दावर फुटतो आणि कुठं क्षणभर थांबायचं, हे दादा तिथं शिकले. पुढच्या चित्रपटांत कॅमेऱ्यापेक्षा बोलण्याच्या ठेक्याला जास्त मान दिसतो, त्याचं मूळ इथं आहे. १९६९ला 'तांबडी माती'तून ते पडद्यावर आले आणि दोनच वर्षांत 'सोंगाड्या' काढून स्वतः निर्माते झाले.

'सोंगाड्या'ची गोष्ट सांगताना १९७१मधला दादरच्या कोहिनूर थिएटरचा प्रसंग टाळता येत नाही. थिएटरने हा चित्रपट लावायला नकार दिला आणि एका बड्या नटाच्या हिंदी चित्रपटाला पसंती दिली. दादा मदतीसाठी जेमतेम पाच वर्षांच्या एका संघटनेच्या, शिवसेनेच्या, प्रमुखाकडे म्हणजे बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले. कार्यकर्ते थिएटरवर जमले, निर्णय फिरला, 'सोंगाड्या' लागला आणि त्याने रौप्यमहोत्सव केला.

आज हा प्रसंग बहुतेकदा त्या संघटनेच्या इतिहासात सांगितला जातो. त्यात दादा मदत मागणारे आणि संघटना मदत देणारी. पण मुळात वाद व्यवहाराचा होता. चित्रपटगृह चालवणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर हिंदी चित्रपटात नाव होतं, जाहिरात होती, खात्रीचं उत्पन्न होतं. उलट 'सोंगाड्या'चा नायक म्हणजे लोंबत्या नाडीच्या अर्ध्या चड्डीतला, आईच्या धाकातला भोळा नाम्या. त्याच्यावर पैसे लावायला कोण धजणार? हा हिशेब अगदीच निराधार नव्हता. तो चुकला, कारण त्यात दादर, परळ, लालबागचा प्रेक्षक धरलेलाच नव्हता. हा माणूस गावाकडून येऊन गिरणीत लागलेला होता आणि वगनाट्य, तमाशा ओळखत होता. नाम्या त्याला गावाकडचाच कुणी वाटला. मोर्चाने चित्रपटाला पडदा मिळवून दिला, हे खरं. पण २५ आठवडे तिकीटं कुणाला जबरदस्तीनं विकता येत नाहीत. यशाचं श्रेय वाटताना या प्रेक्षकाचा वाटा नेहमी कमी धरला जातो, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

त्या दिवसांचं ऋण दादांनी मात्र मानलं. पुढं त्याच संघटनेच्या सभांना त्यांच्या भाषणासाठी गर्दी होई.

मग 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार', 'राम राम गंगाराम' अशी रांग लागली. १९७५च्या 'पांडू हवालदार'पासून दिग्दर्शनही त्यांचंच, आणि त्याच चित्रपटानं पुढच्या पिढीतल्या अशोक सराफ या मोठ्या विनोदी नटाला घराघरांत पोचवलं. नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांचा विक्रम गिनीज बुकात गेला. दुहेरी अर्थाच्या संवादांवरून सेन्सॉरशी खटके उडतच राहिले. पांढरपेशा समीक्षेनं नाक मुरडलं. हेच श्लेष तमाशाच्या बोर्डावर लोककला म्हणून वाखाणणारेही त्यांत होते.

उतरण १९८०च्या दशकातली. जानेवारी १९८२मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि ज्यांच्या खिशातल्या पैशावर हे चित्रपट चालत, त्यांचे पगारच बंद झाले. घरोघरी टीव्ही, व्हिडिओ आले. दादांनी १९८४च्या 'तेरे मेरे बीच में'पासून हिंदीतही प्रयत्न केला. मराठीत तोवर शहरी, फार्सच्या अंगानं जाणारा विनोद रुळला होता. त्यातले नायक चाळीतले, भाड्याची खोली शोधणारे होते. मार्च १९९८मध्ये दादा गेले.

पडद्याचा प्रश्न त्यांच्यामागं उरला. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मल्टिप्लेक्स आले, एकपडदा थिएटरं बंद पडत गेली. २०१५मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना मोक्याच्या वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती जाहीर केली. त्यावर वाद झाला आणि ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी ऐसपैस करण्यात आली. म्हणजे भर कामाच्या दिवशी दुपारचा खेळ लावला तरी नियम पाळल्यासारखा होतो, आणि मराठी निर्मात्यांची तक्रार नेमकी तीच आहे.