पार्श्वभूमी : पेंढ्याचा बट आणि ‘१२२’चा घोळ

तिरंदाजीच्या मैदानावर आता फोमचे बट, म्हणजे लक्ष्याचा कागद लावायचे आणि बाण अडवायचे ठोकळे, सर्रास दिसतात. काडाच्या दोराची वेटोळी एकमेकांना शिवून केलेला जाडजूड गोल बट, ज्याला इंग्लंडात बॉस म्हणतात, तो मुख्यतः लाकडी बाण वापरणाऱ्यांनी टिकवून धरला आहे. या बटाची रचना साधी आहे. डोक्यावरची चुंबळ डोळ्यांपुढे आणा, तिला मधल्या भोकासकट भरून काढा आणि चार फुटांहून मोठी होईपर्यंत वाढवत न्या. काडांचे दोर गोलाईत आडवे असतात आणि बाण त्यांच्यावर काटकोनात येतो. तो काडे फारशी तोडत नाही, बाजूला सारतो. सरकलेली काडे त्याला चहूबाजूंनी दाबून धरतात आणि बाण उपसला की पुष्कळशी पुन्हा मिटतात. या बटाचे सगळे गुणदोष यातूनच येतात.

त्याआधीचा काळ मातीच्या ढिगांचा. इंग्लंडात १५४१च्या कायद्याने गावोगाव असे ढीग राखणे बंधनकारक केले आणि २४ वर्षांवरच्या पुरुषांना २२० यार्ड किंवा त्याहून जवळच्या खुणेवर लांब पल्ल्याचे हलके बाण सोडायला मनाई केली. ढीग हिरवळीच्या लाद्यांनी झाकलेले असत. तो सराव युद्धासाठी होता. बंदुका आल्या आणि ढीग सपाट झाले.

काडाचा शिवलेला बट रूढ झाला तो १७८०च्या दशकात, जेव्हा धनुष्य हा श्रीमंतांच्या बागेतला खेळ म्हणून परत आला. बागेत मातीचा ढीग कोणाला चालणार? सकाळी लाकडी घोडीवर चढवायचे आणि संध्याकाळी उचलून न्यायचे असे लक्ष्य हवे होते. त्याच काळात १००, ८० आणि ६० यार्डांची अंतरे आणि ९, ७, ५, ३, १ अशी गुणांची उतरंड ठरली. पाच पट्टे सारख्या रुंदीचे असले की त्यांची क्षेत्रफळे आतून बाहेर १, ३, ५, ७, ९ या प्रमाणात वाढतात, म्हणजे गुणांची मांडणी त्याच्या बरोबर उलटी आहे. १८४४मध्ये यॉर्कला झालेल्या स्पर्धेने १०० यार्डांवर ७२, ८०वर ४८ आणि ६०वर २४ बाण असा क्रम पक्का केला. लक्ष्याचा व्यास ४ फूट राहिला.

पण ४ फूट कशाचे? बट विकत घेताना आजही सर्वांत जास्त पैसे या एका प्रश्नावर वाया जातात.

जुन्या नियमांतले ४ फूट हे रंगवलेल्या कापडाचे, म्हणजे फेसचे माप आहे. ४८ इंचांत पाच रंग बसवले की प्रत्येक पट्टा ४.८ इंच रुंद होतो आणि मधली सोनेरी चकती ९.६ इंच व्यासाची. दशमान पद्धत आली तेव्हा १२१.९२ सेंटिमीटरचे १२२ झाले, पाच रंगांचे दहा गुणपट्टे झाले आणि प्रत्येक पट्टा ६.१ सेंटिमीटरचा झाला. हाही हिशेब फेसचाच. खालच्या काडाचे माप त्यात कुठेच नव्हते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमांत वेगळी अट आली : बट कोणत्याही बाजूने मोजला तरी निदान १२४ सेंटिमीटर भरावा, म्हणजे सर्वांत बाहेरच्या पांढऱ्या पट्ट्याला निसटता चुकलेला बाणही बटातच थांबेल.

गोंधळ इथून सुरू होतो. बाजारात ‘१२२चा बट’ म्हटले की एक विक्रेता १२२चा फेस बसेल असा बट देतो, तर दुसरा स्वतःच १२२ सेंटिमीटर भरणारा. दुसऱ्यावर फेस लावला की कागदाची कड काडाच्या कडेला येते आणि पिना धरतच नाहीत. त्यात शेवटचे वेटोळे सर्वांत सैल असते, कारण त्याला एकाच बाजूने शिवण आहे आणि बाहेरून आधार नाही. पांढऱ्याच्या कडेला लागलेला बाण ते वेटोळे उसवतो किंवा तिरका होऊन मागे निघून जातो.

बनवणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. १२२वरून १३०वर गेले की व्यास ८ सेंटिमीटरनेच वाढतो, पण क्षेत्रफळ साडेतेरा टक्क्यांनी. तेवढेच काड, तेवढीच शिवण आणि तेवढेच वजन वाढते. १२४ची अट पाळली की नियम पाळला, असे ते म्हणतात आणि कागदावर ते बरोबर आहे. पण १२४मध्ये फेसभोवती फक्त १ सेंटिमीटर काड उरते आणि हाताने शिवलेली कड तेवढी गोल कधीच नसते. १३०मध्ये ४ सेंटिमीटर मिळतात. शिवाय सरावात ८० सेंटिमीटरचा फेस लावायचा असेल तर त्याचा मध्य बटाच्या मध्यापासून २५ सेंटिमीटरपर्यंत कुठेही सरकवता येतो आणि झीज वाटली जाते. म्हणून मागणी नोंदवताना ‘१२२’ हा आकडा लिहूच नये. ‘काडाचा व्यास १३०, जाडी १०’ असे लिहावे.

आता बनवण्याकडे. १३० सेंटिमीटर व्यास आणि १० सेंटिमीटर जाडी धरली आणि दोर दाबून ५ सेंटिमीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच असा चपटा ठेवला, तर मध्यापासून कडेपर्यंत १३ वेढे बसतात आणि साधारण २७ मीटर दोर लागतो. घट्ट बट २० किलोंच्या आसपास भरतो. खुडून, झाडून वाया जाणारे धरून २५ ते ३० किलो काड जमवावे. दर ५ सेंटिमीटरला एक टाका घेतला तर ५००हून जास्त टाके होतात आणि १६० ते २०० मीटर सुतळी लागते. सुतळीला डांबर लावलेले असावे, नाहीतर दमट काडात तीच आधी कुजते.

काड आदल्या रात्री शिंपडून गोणपाटाखाली झाकावे. सकाळी ते वाकले पाहिजे, पण पिळल्यावर हाताला पाणी लागता कामा नये. जास्त भिजवले तर दोन गोष्टी बिघडतात : वाळताना काड आकसून टाके ढिले पडतात आणि गाभ्यात बुरशी धरते. दोराची जाडी सारखी राहावी म्हणून काड एका कड्यातून ओढून घेतात. कडे भरलेले दिसत राहील अशा बेताने मुठीमुठीने नवे काड आत सारत जायचे. सगळ्या मुठींची टोके एकाच जागी आली की तिथे दोर कमजोर होतो.

मध्य सर्वांत अवघड. पहिल्या वेढ्याला वळण एवढे लहान असते की जाड दोर वाकवला तर काडे मोडतात, आणि सर्वांत जास्त बाण खाणारी जागाही तीच. म्हणून दोराची सुरुवात बोटाएवढी बारीक करून पहिल्या दोन-तीन वेढ्यांत जाडी वाढवत न्यावी. दाभणाने प्रत्येक टाका मागच्या वेढ्याच्या काडातून जाईल असा घ्यावा आणि दर चार-पाच टाक्यांनी गाठ मारावी. अखंड धाव घातली तर एका बाणाने सुतळी तुटताच अख्खा वेढा सुटतो. बट सावलीत आडवा ठेवून वाळवावा, मग मोगरीने ठोकून कडेभोवती पट्टा आवळावा.

जुने जाणकार राय या धान्याचे न मळलेले काड उत्तम मानत. ही राय म्हणजे आपली राई-मोहरी नव्हे, ते गव्हासारखे तृणधान्य आहे आणि त्याचे काड दीड मीटरपर्यंत जाते. न मळलेले का, तर मळणीत काडाची नळी चेपते आणि चेपलेली नळी बाण गेल्यावर पुन्हा फुगत नाही.

विसाव्या शतकात हेच काड दुर्मीळ झाले. कंबाइन हार्वेस्टर काडाचे तुकडे करून मागे टाकतो. त्यानंतर बुटक्या गव्हाच्या जाती आल्या. जपानी नोरिन १० या वाणातून आलेल्या या गुणाने पीक लोळायचे थांबले, पण काडाची उंचीही गेली. भारताने १९६६मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले आणि त्याच वर्षी बुटक्या भाताचे आयआर ८ हे वाण आले. युरोपात जे थोडे लांब काड मुद्दाम बाइंडरने, म्हणजे कापून पेंढ्या बांधणाऱ्या यंत्राने, कापले जाते, त्यावर छपरे शाकारणाऱ्यांचाही हक्क असतो. काडाच्या बटाची किंमत फोममुळे वाढलेली नाही, ती शेतातून वाढली आहे.

महाराष्ट्रात बनवायचे तर सांगली-सातारा पट्ट्यातल्या खपली गव्हाचे काड पाहावे. ते उंच असते, पण विळ्याने कापून हाताने झोडलेलेच घ्यावे. भाताचा पेंढा मऊ आणि वळायला सोपा, मात्र आखूड आहे आणि पाणी लवकर धरतो. तो घेतल्यास जाडी १२ सेंटिमीटर ठेवावी. कडबा घेऊ नये. ताट जाड आणि आत भेंड, त्यामुळे ते बाजूला सरकत नाही, फुटते, आणि त्या जागी भोक कायमचे राहते.

दुसरा बदल बाणाचा. लाकडी बाण सुमारे ८ मिलिमीटर जाडीचा. आताचे मैदानी कार्बनचे बाण ४ ते ५ मिलिमीटरचे. टोकांना कप्प्या असलेल्या कंपाउंड धनुष्याचे पेटंट १९६९मध्ये अमेरिकेत मिळाले आणि पुढे बाणांचा वेग सेकंदाला ९० मीटरच्या घरात गेला. एवढा बारीक आणि वेगवान बाण दोन काडांमधून सुईसारखा पार होतो. २०२३च्या बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंडची दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदके महाराष्ट्रातल्या खेळाडूंनी जिंकली, त्यामुळे इथे नव्याने येणारी मुले कंपाउंडकडे वळणे साहजिक आहे. अशा मैदानाने १० सेंटिमीटरचा काडाचा बट घेऊ नये. तो मागून फुटेल.

उलट, लाकडी बाणाला फोम सोसत नाही. घर्षणाने फोम तापून दांड्याला चिकटतो, बाण उपसताना पीळ बसतो आणि दांडा टोकाजवळ मोडतो. काडातून तोच बाण दोन बोटांनी निघतो आणि घासून गुळगुळीतही होतो. बांबूचे धनुष्य आणि लाकडी बाण यांवर शिकवणाऱ्यांनी यासाठीच काडाचा आग्रह धरावा.

विकत घेताना बट उभा करून अंगठा मध्यावर दाबावा. अंगठा नखाच्या पुढे गेला तर परत करावा. मागची बाजू पाहावी, कारण पुढून नीट दिसणाऱ्या बटाचे टाके मागे विरळ असतात. नाक लावून वास घ्यावा. कुबट वास म्हणजे आत बुरशी, आणि ती वाळवून जात नाही. जुना बट असेल तर दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवावे. आत राहिलेले लोखंडी टोक नव्या बाणाचे टोक वाकवते.

बट १० ते १५ अंश मागे कलता ठेवावा, सोनेरीचा मध्य जमिनीपासून १३० सेंटिमीटरवर यावा आणि घोडी मागे दोरीने खुंटीला बांधलेली असावी; वाऱ्याने बट पुढे पडला की त्यातले सगळे बाण मोडतात. दर आठवड्याला तो पाव वळण फिरवावा. एप्रिल-मेमध्ये काड कोरडे पडून बाण आरपार जाऊ लागले, तर आदल्या संध्याकाळी मागून हलके पाणी शिंपडावे. पावसाळ्यात बट लाकडी फळ्यांवर आडवा ठेवावा, भिंतीला टेकून उभा नाही, कारण उभा ठेवलेला बट खालून चपटा होतो आणि तिथूनच ओल चढते. वर ताडपत्री घट्ट गुंडाळू नये, आतली वाफ अडकते. उंदीर लोंब्यांच्या वासाने येतात, म्हणून न मळलेले काड वापरले असेल तर दोर वळण्यापूर्वी लोंब्या खुडून टाकाव्यात.