कॉल ऑफ द व्हॅली

१९६७ साली एचएमव्हीने काढलेला हिंदुस्थानी वाद्यसंगीताचा अल्बम. संतूरवर पं. शिवकुमार शर्मा, बासरीवर पं. हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर पं. ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्याला माणिकराव पोपटकर. निर्माते होते जी. एन. जोशी, म्हणजे मराठी भावगीताची सुरुवात करून देणाऱ्यांपैकी एक, आणि हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं.

काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, एवढीच गोष्ट आहे, आणि तीही एक शब्द न गाता सांगितलेली. रागाला ठरलेली वेळ असते ही आपली जुनी समजूत, तिचाच इथे कथेसारखा वापर केलाय. सुरुवातीला अहिर भैरव आणि नट भैरव, त्यातला अहिर भैरवचा कोमल रिषभ (म्हणजे थोडा उतरलेला ‘रे’) लागला की उजाडतंय हे वेगळं सांगावं लागत नाही. मग पिलू, संध्याकाळला भूप, रात्री देस आणि शेवटी पहाडी. पिलू आणि पहाडी हे तर लोकधुनांच्या अगदी जवळचे राग, त्यामुळे रागदारीची सवय नसलेला माणूससुद्धा इथे सहज रमतो.

खरी गंमत वाद्यांच्या निवडीत आहे. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना संगीतातलं वाद्य, शंभराच्या आसपास तारा आणि त्यावर लाकडी कलमांनी आघात करायचा, त्यामुळे एकेक सूर थेंबासारखा सुटा पडतो पण त्याला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, घेता येत नाही. १९५५ मध्ये शिवकुमारजींनी मुंबईत ते पहिल्यांदा शास्त्रीय मैफलीत वाजवलं तेव्हा जाणकारांनी यावरच बोट ठेवलं होतं. त्यांनी मग कलम तारेवर हलकेच थरथरवत सरकवून सूर लांबवायची पद्धत बसवली. आणि या अल्बममध्ये तर सोबतीला बासरी आणि गिटार ही दोन्ही सूर धरून ठेवणारी, घसरवणारी वाद्यं आहेत, त्यामुळे संतूरने टाकलेले सुटे सूर ती जोडत जातात आणि दरीचा सगळा पसारा डोळ्यापुढे येतो.

काब्रांची गिटार हवाईयन पद्धतीची, मांडीवर आडवी ठेवून तारांवर स्टीलचा बार फिरवत वाजवायची. ते सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य, म्हणून त्या बारमधून आलाप सरोदच्या अंगाने येतो. माझ्या मते भूप आणि देसमधला ठहराव मुख्यतः त्यांच्यामुळे आहे, आणि अल्बमचं कौतुक करताना त्यांचं नाव शेवटी घेतलं जातं हे बरोबर नाही.

हिंदुस्थानी संगीताच्या सगळ्यात जास्त ऐकल्या गेलेल्या रेकॉर्ड्समध्ये ही गणली जाते, परदेशातही. पुढे शर्मा आणि चौरसिया यांनी ‘शिव-हरी’ या नावाने ‘सिलसिला’ (१९८१), ‘चांदनी’ (१९८९), ‘लम्हे’ (१९९१) अशा सिनेमांना संगीत दिलं. अल्बम ऐकायचा तर शफल बंद करून ओळीने ऐकावा, क्रम मोडला तर दिवसच मोडतो.