घटस्फोट म्हणजे अर्धी इस्टेट?

‘स्त्री-चळवळीच्या दबावाने कायदा बदलला, घटस्फोट झाला की नवऱ्याची निम्मी इस्टेट बायकोची.’ असा फॉरवर्ड फिरतो. पण असा कायदा महाराष्ट्रात नाही. पत्नीला वाटा देणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण कायदा न होताच बारगळलं. गैरसमजाला तेवढा आधार.

हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम २५ उघडून वाचा. त्यात पोटगी आहे, हिस्सा नाही. आणि ती नवराही मागू शकतो, हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं! पोटगीच्या हमीसाठी कोर्ट मिळकतीवर बोजा ठेवू शकतं. तो सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’मध्ये दिसतो, मालक तोच राहतो. दोघांच्या नावावरच्या फ्लॅटचं मात्र वेगळं, तिथे बायकोचा हक्क खरेदीखतामुळे.

गोव्यात निम्मी वाटणी खरी आहे, पण ती पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यातली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तरच लागू.