मेसरश्मिटच्या पोटात रोल्स-रॉईस

'बॅटल ऑफ ब्रिटन' हा पिक्चर मी पहिल्यांदा मामाकडे व्हीसीआरवर पाहिला. मला तेव्हा एवढंच कळत होतं की पंखांची टोकं गोलसर असली की इंग्रजांचं आणि चौकोनी असली की जर्मनांचं. मामा गॅरेजवाला, त्याचं लक्ष गोष्टीकडे कमी आणि आवाजाकडे जास्त. अर्ध्या तासाने तो म्हणाला, "काय रे, दोन्हीकडची विमानं सारखीच घुरघुरतात की." मला वाटलं टीव्हीचा स्पीकर खराब असेल म्हणून वाटत असेल तसं. पुढे बऱ्याच वर्षांनी या विमानांबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं की मामाचा कान अगदी बरोबर होता.

पिक्चर १९६९ चा, शूटिंग १९६८ चं, आणि गोष्ट १९४० च्या उन्हाळ्याची, ब्रिटनवर चालून आलेल्या जर्मन विमानांशी इंग्रज लढले त्या हवाई लढाईची. म्हणजे मधे २८ वर्षं गेलेली. युद्ध संपल्यावर विमानं कोणी जपून ठेवत नाही, वितळवून ॲल्युमिनियम काढतात. ब्रिटिशांची स्पिटफायर नावाची लढाऊ विमानं एकूण २०,००० च्या वर बनली होती, तरी पिक्चरसाठी शोधायला निघाले तेव्हा उडू शकतील अशी जेमतेम १२ जमली, आणि त्यांचं दुसरं लढाऊ विमान हरिकेन, ती तर फक्त ३. शोधायचं काम हॅमिश महॅडी नावाच्या रिटायर्ड ग्रुप कॅप्टनकडे होतं, हा युद्धात बॉम्बरवर होता. हवाई दलाच्या तळांच्या गेटवर शोभेला उभी केलेली स्पिटफायर उतरवली, कुठल्या म्युझियमच्या कोपऱ्यातली काढली, आणि हेन्लोच्या तळावर आणून मेकॅनिक लोकांनी ती पुन्हा जिवंत केली.

पण खरी अडचण जर्मन विमानांची होती, कारण हरलेल्या देशाची विमानं कोण ठेवणार?

ती मिळाली स्पेनमध्ये. युद्ध चालू असताना स्पेनने जर्मनीकडून त्यांचं मेसरश्मिट १०९ हे लढाऊ विमान बनवायचं लायसन्स घेतलं होतं. सांगाडे आले, तेही शेपटाशिवाय, आणि इंजिनं आलीच नाहीत कारण जर्मनीला स्वतःलाच पुरत नव्हती. मग स्पॅनिश लोकांनी आधी दुसरं एक इंजिन बसवून पाहिलं, त्याने काही समाधान होईना, आणि शेवटी १९५४ मध्ये त्याच सांगाड्यात ब्रिटिश रोल्स-रॉईस मर्लिन बसवलं, म्हणजे जे इंजिन स्पिटफायरमध्ये तेच! स्पेनमध्ये बनणाऱ्या हाइंकेल १११ बॉम्बरचंही तसंच झालं, नंतरच्या विमानांना मर्लिनच लागलं. स्पॅनिश हवाई दल ही लढाऊ विमानं रिटायर करून भंगारात काढत होतं नेमकं तेव्हाच महॅडी सेव्हिलला पोचला. पंचवीसच्या वर लढाऊ विमानं आणि ३० च्या वर बॉम्बर, असा अख्खा जर्मन ताफा पिक्चरला स्पेनमधून मिळाला. त्यामुळे पडद्यावर एकमेकांच्या जिवावर उठलेली बहुतेक सगळी विमानं आतून एकाच घराण्याच्या इंजिनावर चालत होती.

आणि याच्याही मागचा किस्सा मला जास्त आवडतो. मेसरश्मिट १०९ चं सगळ्यात पहिलं विमान १९३५ मध्ये उडालं तेव्हा जर्मन इंजिन तयार नव्हतं, म्हणून त्यात रोल्स-रॉईसचं केस्ट्रेल इंजिन घातलेलं होतं. म्हणजे या विमानाच्या घराण्याचा जन्मही ब्रिटिश इंजिनावर झाला आणि शेवटही, मधली दहा वर्षं काय ती जर्मन.

आता इंजिन बदललं म्हणजे नुसता आवाज बदलला असं नाही, विमानाचा चेहराच बदलतो. मर्लिन आणि खऱ्या १०९ मधलं जर्मन डेमलर-बेंझ दोन्ही १२ सिलिंडरची, सहा-सहाच्या दोन रांगा व्ही आकारात. पण मर्लिनचा व्ही सरळ उभा, सिलिंडर वर आणि क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा, खाली, आणि डेमलरचा व्ही उलटा टांगलेला, क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडर खाली. त्यामुळे खऱ्या १०९ मध्ये धुराच्या नळ्या नाकाच्या खालच्या बाजूला असतात आणि नाक वरून उतरतं, तर स्पॅनिश विमानात नळ्या वर आल्या आणि मर्लिनला हवा घ्यायची वाट खालून असल्यामुळे हनुवटी फुगली. गळा फुगवून घुमणारा पारवा असतो ना, तसं दिसायला लागलं, म्हणून स्पॅनिश लोकांनी त्याचं नाव बुचोन ठेवलं, तिकडे तशा कबुतराला तेच म्हणतात.

पिक्चरवाल्यांनी शक्य तेवढा मेकअप केला. १९४० च्या १०९ च्या पंखांची टोकं चौकोनी होती आणि बुचोनची गोल, म्हणून टोकं काढून टाकली. जुन्या मॉडेलला शेपटाखाली आधाराच्या तिरक्या दांड्या असायच्या, त्या नुसत्या दिसायला लावल्या. पंखात खोट्या बंदुका. पण नाकाचं काय करणार, इंजिन तिथेच आहे. आणि पंख्याला खऱ्या १०९ ला ३ पाती, बुचोनला ४. स्पिटफायरलाही हाच त्रास, १९४० मध्ये असलेली मार्क १ आणि मार्क २ प्रकारची फक्त दोन उडण्यालायक मिळाली, बाकीची सगळी नंतरच्या वर्षांतली. मग त्यांची टोकं, पायलटच्या डोक्यावरची काचेची कॅनपी वगैरे बदलून सगळ्यांना साधारण एकसारखं केलं, आणि या धड हे ना धड ते मॉडेलला युनिटमधले लोक महॅडीच्या नावावरून 'मार्क हॅडी' म्हणायला लागले.

खऱ्या लढाईत या दोन इंजिनांमधला फरक जीवघेणा होता आणि तो समजून घ्यायला आपल्याकडची जुनी स्कूटर आठवा. सकाळी चेतक चालू होत नसली की बाबा तिला आडवी करायचे, मग उभी करून किक, तेव्हा कुठे फुरफुरायची. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल कुठे साचतं आणि कुठे पोचतं हे सगळं गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर चालतं हे त्यातून कळतं. मर्लिनलाही कार्ब्युरेटरच होता. त्यात एक छोटी टाकी, तिच्यात तरंगणारा फ्लोट, आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल वर आला की जसं पाणी बंद होतं तसाच फ्लोट वर आला की पेट्रोल बंद. हे सगळं ठीक चालतं जोवर 'खाली' म्हणजे खालीच आहे. पण पायलटने काठी पुढे ढकलून विमानाचं नाक एकदम खाली दाबलं की क्षणभर सगळं उलटं होतं, पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो त्याच्याही पुढची अवस्था, सीटवरून माणूस वर उचलला जातो आणि टाकीतलं पेट्रोलही वरच्या बाजूला जाऊन चिकटतं. आधी इंजिनला पेट्रोल मिळेनासं होतं आणि ते अडखळतं. लगेच दुसरी आफत, फ्लोट चुकीच्या जागी गेल्यामुळे पेट्रोलची वाट सताड उघडी राहते आणि पंप भसाभसा पेट्रोल ओततो, इंजिन गुदमरून काळा धूर टाकतं आणि बंदही पडू शकतं.

जर्मन इंजिनात पेट्रोल पंपाने थेट सिलिंडरमध्ये इंजेक्ट व्हायचं, त्याला वर-खालीशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे पाठीवर स्पिटफायर आलं की १०९ चा पायलट सरळ नाक दाबून खाली निसटायचा. ब्रिटिश पायलट मग विमान आधी उलटं करायचे आणि काठी ओढून खाली जायचे, म्हणजे पेट्रोल टाकीच्या तळाशीच दाबलेलं राहतं, पण त्यात एक-दोन सेकंद जायचे आणि तेवढ्यात शिकार गेलेली असायची. यावर इलाज काढला बिॲट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी. फार्नबरोच्या संशोधन केंद्रात काम करायच्या आणि मोटरसायकलच्या रेसमध्येही उतरायच्या. त्यांनी पेट्रोलच्या वाटेत मापून भोक पाडलेली छोटीशी पितळी चकती बसवली, इंजिनला पूर्ण ताकदीला लागेल तेवढंच पेट्रोल जाईल, त्याच्यावर नाही. अडखळणं पूर्ण गेलं नाही पण गुदमरणं थांबलं. ही चकती १९४१ मध्ये विमानांना लागली, म्हणजे १९४० ची लढाई पायलट लोकांनी तिच्याशिवायच काढली होती. मला या सगळ्या कहाणीत सगळ्यात मोठी वाटते ती ही एवढीशी चकती.

बुचोन उतरवणं हा पायलट लोकांसाठी वेगळाच घोर होता. १०९ ची चाकं पंखाला नाही तर पोटाला जोडलेली, म्हणजे पंख काढले तरी विमान चाकांवर उभं राहतं, फॅक्टरीत आणि रेल्वेने नेताना सोयीचं. पण त्यामुळे दोन चाकांतलं अंतर कमी. त्यात शेपटावर बसणारं विमान, वजनाचा मध्य पुढच्या चाकांच्या मागे. भाजीची हातगाडी ओढत नेली तर सरळ येते आणि मागून ढकलली तर जरा वाकडी झाली की आणखी वाकडी होत जाते ना, तसंच इथे, जमिनीवर टेकल्यावर जरा तिरकं झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि विमान गर्रकन फिरतं. दिशा सांभाळणाऱ्या रडरच्या पेडलवर सतत पाय नाचवत ठेवावे लागतात.

हे सगळं टिपणारं कॅमेऱ्याचं विमान म्हणजे एक अमेरिकन बी-२५ बॉम्बर. नाकात आणि शेपटात जिथे बंदुका असायच्या तिथे कॅमेरे, बॉम्ब ठेवायच्या कप्प्यातून खाली निघणाऱ्या हातावर आणखी एक, आणि वरच्या बंदुकीच्या जागी काचेचा घुमट, त्यात बसून हवाई दृश्यांचा डायरेक्टर रेडिओवर सगळ्यांना सूचना द्यायचा. बाहेरून त्याला असे भडक रंग फासले होते की युनिटने त्याचं नावच 'सायकेडेलिक मॉन्स्टर' पाडलं. पण ते रंग हौसेचे नव्हते. जवळून उडणाऱ्या पायलटला हे धूड आता कुठल्या बाजूला वळतंय हे एका नजरेत कळावं आणि आपलं विमान त्याच्या कुठल्या पट्ट्याशी जुळवायचं हे ठरवता यावं म्हणून ते रंगवलेलं. कॅमेरा आणि समोरचं विमान दोन्ही ताशी तीनेकशे किलोमीटरने चाललेत, एकमेकांच्या मानाने मात्र जवळपास स्थिर, त्यामुळे मागे ढग नसतील तर पडद्यावर वेग दिसतच नाही, विमान निळ्या कागदावर चिकटवल्यासारखं वाटतं. हॉवर्ड ह्यूजेस 'हेल्स एंजल्स' हा विमानांचाच जुना पिक्चर काढत होता तेव्हा याच कारणासाठी ढगांची वाट बघत बसायचा.

पंख्याचीही एक गंमत सांगतो. मर्लिनच्या पुढे गिअर असतो, १९४० च्या मर्लिनमध्ये इंजिनच्या एका फेऱ्याला पंखा साधारण ०.४७७ फेरे घेतो. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर असेल तर पंखा ९५४, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १६. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम. मग दोन फ्रेमच्या मधे पंखा सुमारे दोन तृतीयांश फिरतो. तीन पात्यांचा पंखा एक तृतीयांश फिरला की हुबेहूब पहिल्यासारखाच दिसतो, त्यामुळे पडद्यावर तो जागच्या जागी थांबल्यासारखा किंवा हळूच उलटा फिरल्यासारखा वाटतो. कॅमेरा खोटं बोलत नाही, त्याला मधलं काही दिसलेलंच नसतं.

स्टुका, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारं जर्मन विमान, ते मात्र मिळालं नाही. ब्रिटनमध्ये एक खरं जपलेलं होतं, त्याचं इंजिनही चालू करून पाहिलं, पण उडवण्याइतका खर्च परवडेना. मग प्रॉक्टर नावाच्या छोट्या विमानाला मुडपलेले पंख लावून पाहिले, तेही जमलं नाही, आणि शेवटी रेडिओने चालणारी मॉडेलं वापरली. मॉडेलचा प्रॉब्लेम असा की पडण्याचा वेळ आकाराच्या प्रमाणात नाही, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. दहापट छोटं मॉडेल आपल्या मापाने साधारण तिप्पट घाईने कोसळतं आणि डोळा लगेच ओळखतो की हे खेळणं आहे. ते जड वाटायला हवं असेल तर सेकंदाला ७५ च्या आसपास फ्रेम घेऊन मग नेहमीच्या वेगाने दाखवावं लागतं. पाणी आणि ज्वाळा तरी दगा देतातच, त्यांना लहान करता येत नाही.

शूटिंग संपल्यावर ही विमानं पुन्हा भंगारात गेली असती तर मला नवल वाटलं नसतं, पण तसं झालं नाही, आणि हा पिक्चर मला म्हणूनच जवळचा वाटतो. त्याच्यासाठी उडती केलेली स्पिटफायर, हरिकेन लोकांच्या नजरेत आली, त्यांचे पार्ट, त्यांची माहिती असलेले मेकॅनिक एका ठिकाणी आले. पी७३५० नंबरचं स्पिटफायर १९४० मध्ये खरोखर लढलेलं, १९४८ मध्ये भंगारवाल्याला विकलेलं, पुढे म्युझियममध्ये पोचलेलं, पिक्चरसाठी ते परत उडतं केलं आणि त्यानंतर ब्रिटिश हवाई दलाच्या मेमोरियल फ्लाइटमध्ये, म्हणजे जुनी विमानं उडती ठेवणाऱ्या तुकडीत गेलं. त्याच्या डाव्या पंखावर गोळ्यांची भोकं बुजवलेली ठिगळं अजून दिसतात. (ही विमानं जवळून बघायची असतील तर दिल्लीला पालमच्या हवाई दल म्युझियममध्ये एक हरिकेन आणि एक स्पिटफायर आहे, तिथे गेलात तर चाकांमधलं अंतर मुद्दाम बघा.)

बुचोनची कहाणी तर आणखीच अजब. टेक्ससचा कॉनी एडवर्ड्स पिक्चरमध्ये बुचोन उडवत होता, त्याने पैशांच्या ऐवजी विमानंच घेतली आणि घरी नेऊन शेडमध्ये ठेवली. पिक्चरचा रंग, खोट्या खुणा, सगळं तसंच, चाळीसेक वर्षं धूळ खात. २०१४ च्या सुमाराला ती विकायला निघाली तेव्हा जगभरातले लोक धावले. आणि १९६८ मध्ये उडालेलंच दुसरं एक बुचोन २०१७ च्या 'डंकर्क' या पिक्चरमध्ये पुन्हा मेसरश्मिट बनून आलं, नाकाला पिवळा रंग लावून, १९४० मधल्या खऱ्या डंकर्कच्या लढाईच्या वेळी जर्मनांनी तो रंग लावायला सुरुवातही केली नव्हती, पण प्रेक्षकाला शत्रू पटकन ओळखू यावा म्हणून लावला.

मामाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग शेवटच्या मोठ्या लढाईत आवाज का नव्हता?" त्याला तेही लक्षात होतं. त्या प्रसंगात इंजिनांचा, गोळ्यांचा आवाज काढून टाकलाय, फक्त विल्यम वॉल्टन यांचं संगीत वाजतं. त्यांचं बाकीचं संगीत पिक्चरमधून वगळलं होतं, राहिला तो एवढाच तुकडा. त्या काही मिनिटांत मर्लिन कुठेच ऐकू येत नाही, आणि मामा म्हणाला की नेमकं तिथेच त्याला ती विमानं वेगवेगळी वाटली होती.