भ्रंश-तपासणीसाठी डेटा पाठवताना: आठ बिटांची प्रत नको

ग्राफिक्स कार्डावर गणित इतके वेगाने होते, तर भूकंपीय सर्वेक्षणाच्या डेटातून शोधलेल्या भ्रंशांचा निकाल हाती यायला उशीर का होतो, असे आमचे ग्राहक वारंवार विचारतात. उशिराचे कारण बहुधा कार्डात नसते, आमच्याकडे आलेल्या फाइलीत असते.

भ्रंशापाशी खडकांचे थर तुटून सरकलेले असल्याने शेजारच्या ट्रेसांमधील, म्हणजे एकेका जागी थरांवरून परावर्तित होऊन आलेल्या लहरींच्या नोंदींमधील, साम्य तेथे एकाएकी घटते. ट्रेसमधील प्रत्येक नमुन्याभोवतीच्या (एकेका मोजमापाभोवतीच्या) नऊ ट्रेसांमधील हे साम्य, थरांचा उतार जमेस धरून, आम्ही मोजतो. उत्तर समुद्रातील नेदरलँड्सच्या हद्दीतील एफ-३ या सर्वांसाठी खुल्या असलेल्या सर्वेक्षणात असे नमुने २८ कोटींहून अधिक आहेत. एका नमुन्याचे गणित दुसऱ्याच्या उत्तरासाठी अडून राहत नसल्याने ते हजारोंच्या संख्येने एकाच वेळी सोडवता येते, आणि ग्राफिक्स कार्डाचा खरा उपयोग तेथेच होतो.

फाइल लवकर अपलोड व्हावी म्हणून अनेक जण पडद्यावर पाहण्यासाठी केलेली आठ बिटांची प्रत पाठवतात आणि सगळा वेळ तेथेच वाया जातो. एफ-३ एवढा डेटा ३२ बिटांत सुमारे १.१ गिगाबाइट भरतो व आठ बिटांत त्याच्या पाव होतो, हे खरे; परंतु आयामासाठी, म्हणजे लहरीच्या जोरासाठी, मग केवळ २५६ मूल्ये उरतात. ठळक परावर्तनांची टोके छाटली गेल्याने तेथील बारीक भ्रंश बुजतात, तर क्षीण परावर्तनांच्या पट्ट्यात सगळा आयाम दोन-तीन मूल्यांत कोंबला जाऊन नसलेले तुटकपण दिसू लागते. अशी प्रत पुन्हा ३२ बिटांत साठवल्याने गेलेली माहिती परत येत नाही, आणि आयामांचा आलेख काढताच हा प्रकार आमच्या लक्षात येतो.

म्हणून प्रक्रिया केंद्राकडून मिळालेली मूळ ३२ बिटांची सेग-वाय (भूकंपीय डेटाच्या प्रचलित स्वरूपातील) फाइलच पाठवावी. ती कार्डाच्या स्मृतीत मावेल का, ही काळजी आमची. मोठा डेटा आम्ही कडा एकमेकींवर येतील अशा तुकड्यांत सोडवतो, त्यामुळे जोडांवर खोटे भ्रंश उमटत नाहीत. संपूर्ण काम हाती घेण्यापूर्वी सर्वेक्षणातील थोड्या रेषांची चाचणी करण्याचा आमचा आग्रह काहींना वेळकाढूपणा वाटतो, पण थरांत गाडल्या गेलेल्या जुन्या नदीपात्रांच्या कडाही साम्य घटवतात आणि त्या वगळायच्या की ठेवायच्या, हे आपल्या भूवैज्ञानिकांनी चाचणीचा निकाल पाहूनच ठरवलेले बरे. या चाचणीचे शुल्क आम्ही आकारत नाही.