ब्लँकच गुलाबी झाला तर?

मे महिन्यात महाल भागातल्या एखाद्या वाड्याच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरायचं, स्कूटरच्या डिक्कीत टाकायचं आणि नागपूरच्या उन्हात बाकीची कामं उरकत फिरायचं. संध्याकाळी प्रयोगशाळेत पोचतं ते सकाळचं पाणी नसतं. दिसायला तेच, पण आत जिवाणूंची पंगत दिवसभर चाललेली असते. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करून टाकतात. नायट्राइट हे मधलं स्टेशन, गाडी तिथे फार थांबत नाही. म्हणून विहिरीत ते सापडलं की जवळपास कुठेतरी सांडपाणी नुकतंच झिरपलंय, असा संशय येतो. (ऑक्सिजन कमी असेल तर नायट्रेटही उलटं फिरून नायट्राइट होतं, हे विसरायचं नाही.) पेंच धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात मोकळं क्लोरीन असेल तर नायट्राइट टिकतच नाही. तेव्हा नमुना बर्फात ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी तपासा.

नायट्राइट मोजायची पद्धत जुनी आहे, रसायनशास्त्रज्ञ पीटर ग्रीस यांची, 1879 सालची. रसायनं पुढे बदलली, युक्ती तीच राहिली. आम्लधर्मी पाण्यात नायट्राइट आधी सल्फानिलामाइडशी जोडलं जातं, मग नॅफ्थिल इथिलीनडायअमाइन घातलं की गुलाबी रंग चढतो. दहा मिनिटं थांबायचं आणि दोन तासांच्या आत, रंग किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावर 540 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास वाचन घ्यायचं. लिटरमागे दहा-वीस मायक्रोग्रॅम असेल तर रंग डोळ्याला जेमतेम जाणवतो. नळी पांढऱ्या कागदावर उभी धरून वरून खाली पाहिलं, तर अबोलीच्या पाकळीची सावली पडावी तेवढाच. यंत्रात एक सेंटिमीटरऐवजी पाच सेंटिमीटरचा क्युव्हेट (नमुना भरायची पारदर्शक डबी) घातला की वाचन पाचपट होतं.

आकडा लिहिताना एकक मात्र नीट बघा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 3 मिलिग्रॅम आहे, ती नायट्राइट म्हणून. तेच त्यातल्या फक्त नायट्रोजनच्या वजनाने लिहिलं तर 0.9 होतं. या गोंधळात भलेभले अडकतात.

खरी डोकेदुखी ब्लँकची, म्हणजे तुलनेसाठी लावलेल्या, रंग न येणं अपेक्षित असलेल्या नळीची. नायट्राइट नसलेलं पाणी घेऊन रसायनं घातली, तरी एकदा आमची ब्लँकची नळी हलकी गुलाबी झाली. आधी रसायनांवर आळ घेतला, नवी बनवली, तरी गुलाबी. मग आठवलं, थुंकीतही नायट्राइट असतं. पण तोंडाने पिपेट ओढायची जुनी खोड आमच्यापैकी कुणालाच नव्हती. शेवटी लक्ष गेलं ते डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनकडे. तो झाकण न लावता गॅसच्या बर्नरशेजारी ठेवलेला. ज्योतीतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड पाण्यात विरघळून नायट्राइट बनवतात, आणि आम्ही ते इमानेइतबारे मोजत होतो.

ताजं पाणी आणलं, बर्नर बंद केला, सगळ्या नळ्या पुन्हा लावल्या. ब्लँक स्वच्छ आला. विहिरीचा आकडा जवळपास निम्म्यावर उतरला, शून्यावर नाही.